हुरमुंजाची रेघ

पंचगंगा कृष्णेला मिळण्याआधी शिरोळ तालुक्यात बरीच वळणं घेते. त्यांतल्या एका वळणावर एक गाव होतं. जमीन काळी आणि कसदार होती. रानात ऊस उभा असायचा आणि मळीत वांगी पिकायची. नदी गाळ आणून टाकायची, त्यावर गाव जगायचं. पावसाळ्यात तिला चार पावलं मागं सरून जागा द्यावी लागायची, याबद्दल गावाची तक्रार नव्हती.

नदीकडच्या गल्लीत आबाचं घर होतं. घरात आबा, त्याची बायको, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि एक बैलजोडी. घराचं जोतं दगडी आणि उंच होतं. आबाच्या आज्यानं ते बांधलं होतं आणि गल्लीत त्याचा मान होता.

२००५ साली मोठा पूर आला. पाणी गल्लीत शिरलं, सखल घरांच्या खिडक्यांना लागलं, आणि आबाच्या उंबऱ्याखाली वीतभर अंतरावर येऊन थांबलं. तीन दिवस तिथंच हललं-डुललं आणि मग उतरलं. खालच्या घरांतली माणसं ते तीन दिवस आबाच्या सोप्यात होती. चुलीवर एकच मोठं पातेलं चढत होतं. कुणाला काही झालं नाही.

पाणी ओसरलं तेव्हा जोत्याच्या दगडावर गाळाची कड उमटली होती. आबानं बैलांची शिंगं रंगवायचा हुरमुंज कालवला, काडीला चिंधी गुंडाळली आणि त्या कडेवरून लाल रेघ ओढली. पुढं दर बेंदराला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला हुरमुंज तो रेघेवरून फिरवायचा. रेघ कधी फिकी पडली नाही.

शेजारी एक गवंडी राहत होता. त्याच्याकडं पाणसळीची पारदर्शक नळी होती. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर उभं राहतं, टोकं कितीही लांब असोत. गल्लीनं त्याला सांगितलं, "आबाच्या रेघेवरनं आमच्या भितीवर बी खूण करून दे." गवंड्यानं एक टोक आबाच्या रेघेला धरायला लावलं, दुसरं टोक घेऊन तो घरोघर फिरला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला लाल रेघ मिळाली. कुणाच्या जोत्यावर, कुणाच्या खिडकीखाली, तर अगदी खालच्या घरात छातीएवढ्या उंचीवर.

तेव्हापासून गल्लीची तयारी त्या रेघेवरून ठरू लागली. मृग निघाला की जोंधळ्याची पोती रेघेच्या हातभर वरच्या फळीवर जायची. पेंड, शेणी, काडेपेटीचा डबा, सातबारा आणि रेशनकार्डाची पिशवी, सगळं रेघेच्या वर. खालच्या घरांनी आबाच्या सोप्यात यायचं, हेही ठरलेलं. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला सासू आधी देव दाखवायची आणि मग रेघ.

आबाची सून वारणाकाठची होती. तिच्या लहानपणी एका पुरात चुलत्यांची दोन जनावरं दावणीला बांधलेलीच गेली होती. गाठ ओली होऊन आवळली आणि सुटली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिलाही रेघ दाखवली. तिनं ती नीट बघितली. मग मान वर करून विचारलं, "मामा, पाणी हिच्या वर आलं तर?"

आबा हसला. रागावला नाही. "माझ्या आज्यानं बी ह्याच्यापरीस मोठं पाणी बघितलं न्हवतं, पोरी."

सून पुढं काही बोलली नाही. पण दर पावसाळ्यात ती दोन गोष्टी करायची. मृगापासून ती दावणीची प्रत्येक निरगाठ सोडून तिथं सुरगाठ मारायची, मोकळं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटणारी. आणि रोज संध्याकाळी म्हशी सोडून माळावर घेऊन जायची. गल्लीतून माळाकडं जाणारी वाट ओढ्यावरच्या मोरीवरून जात होती. मोरीपलीकडं चढ, चढावर मराठी शाळा, शाळेमागं गुऱ्हाळ. ती म्हशींना शाळेच्या भिंतीपर्यंत नेऊन परत आणायची.

बायका म्हणायच्या, "दारात हिरवं गवत सोडून माळावर कशाला नेतीस गं?"

"वाट ठाऊक असावी म्हणून," ती म्हणायची. "अंधारात माणसाला चुकती, म्हसराला चुकत न्हाई."

हळूहळू आणखी दोन-तीन घरांतल्या बायका आपली जनावरं घेऊन तिच्याबरोबर जाऊ लागल्या. जाता-येता बोलणं व्हायचं. कोण गरोदर आहे, कुणाच्या सासऱ्याला दिसत नाही, शेवटून तिसऱ्या घरातली म्हातारी अंथरुणाला खिळली आहे. वेळ आलीच तर तिला कोण उचलणार, हे त्या बायकांनी मोरीवर उभं राहून ठरवून टाकलं. पुरुषांना त्याची खबरही नव्हती.

अशी वर्षं गेली. कधी पाणी मळीत येऊन परतलं, कधी वडाच्या पारापर्यंत आलं. रेघेजवळ ते पुन्हा गेलं नाही.

२०१९ साल उजाडलं. जुलैअखेर म्हातारा पाऊस लागला तो उघडायचं नाव घेईना. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा निरोप आला. तिकडं कोयनेतूनही पाणी सुटलं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजतात. तिथला आकडा रोज फोनवर यायचा आणि रोज वाढलेला असायचा. नागपंचमी तोंडावर आली होती. पोरींनी वडाला झोका बांधला होता, तो काढून घ्यावा लागला, कारण पाणी पाराला लागलं होतं.

आबाचा मुलगा पाण्याच्या कडेला काठी रोवायचा आणि तासाभरानं बघायला जायचा. काठी बुडालेली असायची. मग तो मागं सरून दुसरी रोवायचा.

गल्लीची तयारी नेहमीसारखी झाली. पोती फळीवर गेली. खालची पाच घरं बिऱ्हाडासह आबाच्या सोप्यात आली. पोरांना तर उत्सव वाटत होता. बायकांनी भाकरी थापायला घेतल्या. पुरुष जोत्यावर बसून पाण्याकडं बघत होते. रेघेला अजून दोन हात बाकी होते.

सून दुपारी मोरीवर जाऊन आली. नऊवारीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता. ती सरळ आबासमोर येऊन उभी राहिली. एरवी ती सासऱ्यापुढं अशी उभी राहत नसे.

"मामा, मोरीवर गुडघाभर पाणी आहे. सकाळी घोटा बुडत होता. रातच्याला छातीला लागंल."

"लागू दे की. आपण वर हाय. २००५ ला बी मोरी बुडाली होती."

"तवा पाणी रेघेला येऊन थांबलं, म्हणून आपण वाचलो. आता वर पाऊस थांबला न्हाई. कृष्णा बी भरून चाललीय, ती आपल्या नदीचं पाणी घीना. फूग चढाय लागलीय. पाणी घरात यायच्या आधी वाटंवर येतंय, मामा. रेघ घराचं सांगती. वाटंचं कोण सांगणार?"

जोत्यावरचे पुरुष गप्प झाले. एकजण म्हणाला, "अजून दोन हात हायत की."

सून त्याच्याकडं न बघता आबाशीच बोलली, आवाज खाली आणून. "ही माणसं पाण्याकडं बघून बसलेली न्हाईत. तुमच्याकडं बघून बसल्यात. तुम्ही उंबरा वलांडल्याबिगर कोण हलायचं न्हाई."

आबा उठला. जोत्याच्या कडेला जाऊन खाली वाकला. रेघ लाल होती. महिन्यापूर्वीच बेंदूर झाला होता. रेघेखाली दोन हात कोरडा दगड होता आणि त्याखाली तांबडं पाणी. तो बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. चौदा वर्षं त्या रेघेनं त्याला गल्लीत मान दिला होता. पाणी आज तिथंच थांबलं असतं, तर भर पावसात सगळ्यांना घराबाहेर काढणारा तो म्हातारा भित्रा ठरला असता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं आत जाऊन घोंगडं घेतलं, खांद्यावर टाकलं, बायकोचा हात धरला आणि पायऱ्या उतरून पाण्यात पाय घातला.

"चला," तो म्हणाला. एवढंच.

मग गल्ली हलली. कुरकुरत, रडत, भांडत, पण हलली. सुनेनं गोठ्यात जाऊन सुरगाठी ओढल्या. पाचही जनावरं मोकळी झाली. थोरली म्हैस पुढं झाली. रोजच्या सवयीनं ती मोरीकडं वळली, पाण्यात पोटापर्यंत गेली, थांबली नाही. बाकीची जनावरं तिच्यामागं गेली आणि माणसं जनावरांच्या शेपट्या, शिंगं धरून त्यांच्यामागं. मोरी दिसत नव्हती. पण म्हशीला ती पायांना ठाऊक होती.

अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसाठी पोरांनी गुऱ्हाळावरची काहील आणली. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चांगली चार माणसं मावतील एवढी. तिला वल्हं नाही की टोक नाही. पाण्यावर टाकली की ती गरगरत राहते. चार पोरं चारी बाजूंनी काठ धरून चालत होती. म्हातारी आत गोधडीवर बसली होती. काखेत तिनं कोंबडी धरली होती आणि ती सोडायला तयार नव्हती. काहिलीच्या तळाला गुळाचा वास होता. मोरीच्या मधोमध काहील एकदा पूर्ण फिरली, तेव्हा म्हातारी ओरडली, "अरं, घराकडं तोंड झालं की माझं!" भिजलेली माणसंही त्या वेळी हसली.

एक घर मात्र निघालं नाही. गल्लीच्या टोकाचं. तिथला माणूस कष्टाळू होता, सरळ होता. त्याचं जोतं आबापेक्षाही उंच होतं. रेघ त्याच्या उंबऱ्याच्या हातभर खाली होती. आबाच्या मुलानं त्याला दोनदा हाका मारल्या.

"आबा म्हातारा झाला, भ्याला," तो दारातून म्हणाला. "रेघ काय भ्यात न्हाई. तुम्ही पोरांना घेऊन जावा. माझ्या बायको-पोरांना बी न्या. मी जनावरांपाशी ऱ्हातो."

रात्री शाळेच्या व्हरांड्यात पोरं झोपली. मोठी माणसं जागी होती. खालून पाण्याचा आवाज येत होता. मध्यरात्रीनंतर कुठंतरी भिंत पडल्याचा धप्प असा आवाज आला, मग आणखी एक. दिवस उजाडला तेव्हा माळावरून गल्ली दिसत नव्हती. कौलं दिसत होती. रेघ कधीच पाण्याखाली गेली होती. बंधाऱ्यावरचा आकडा पुढं ५५ फुटांवर गेला. महामार्ग बंद झाला, आणि गावं नुसती बेटं झाली.

टोकाच्या घरातला माणूस कौलांवर बसलेला दिसत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव आली आणि त्याला घेऊन आली. तो थंडीनं काळानिळा पडला होता. बायकोनं त्याच्या अंगावर घोंगडी टाकली. त्यानं काही सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्याच्या दोन गाई दावणीलाच होत्या. पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा तो गोठ्यात गेला होता. निरगाठी भिजून आवळल्या होत्या. अंधारात विळा सापडला नाही.

पाणी उतरायला आठवडा गेला. माणसं परतली तेव्हा घराघरांत पोटरीएवढा चिखल होता. फळीवरच्या जोंधळ्याला मोड आले होते आणि पोत्यांना आंबूस वास सुटला होता. मातीच्या भिंती बसल्या होत्या. साप, मेलेले मासे, कुणाचंतरी पातेलं, कुणाचंतरी दप्तर. बायकांनी पदर नाकाला लावले आणि फावडी हातात घेतली. आबाच्या सोप्यात गाळाची नवी कड उमटली होती. ती त्याच्या कमरेच्या वर होती.

चिखल काढून झाल्यावर गवंडी नळी घेऊन आला. "आबा, नवी रेघ मारा. म्हणजे मी गल्लीला लावून देतो."

आबा जोत्यावर बसला होता. तो म्हणाला, "त्याच्या गाई माझ्या रेघेनं बांधल्या होत्या."

गवंडी खाली बसला. बराच वेळ दोघं बोलले नाहीत. मग आबानं आत हाक मारली, "पोरी, जरा भाईर ये. मोरीवर जायाचंय."

तिघं मोरीवर गेले. सुनेनं दाखवलं, पाणी कुठून आधी आत घुसतं, कुठं घोटाभर असताना वाट गेलीच समजायची. मोरीच्या कठड्याचा एक दगडी खांब शाबूत होता. त्याच्या पायथ्याशी आबानं हुरमुंजाची एक खूण केली, घोट्याच्याही खाली. इथं पाणी आलं की जनावरं सोडायची. चार बोटं वर दुसरी. इथं आलं की माणसांनी निघायचं, घर कोरडं असलं तरी, उजेड असेपर्यंत. सोप्यातल्या नव्या कडेवरून त्यानं रेघ ओढलीच नाही असं नाही. ती ओढली, वर साल लिहिलं. पण गवंड्याला सांगितलं, "ही घरोघर न्यायची न्हाई. मोरीवरची न्यायची." मग गवंड्यानं नळीचं एक टोक मोरीच्या खांबाला लावलं आणि गल्लीच्या तोंडावरच्या विजेच्या खांबावर, देवळाच्या पायरीवर, टोकाच्या घराच्या कुंपणावर तीच पातळी उतरवली, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी.

जुनी रेघ खोटी नव्हती. नदी एकदा कुठवर आली होती, तेवढं ती सांगत होती आणि खरं सांगत होती. पुढं कुठवर येणार, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. गल्लीनंच ते तिच्या तोंडी घातलं. सोसलेलं संकट लक्षात ठेवणारी माणसं शहाणीच असतात, पण तेच संकट त्याच मापानं परत येईल असं धरून चालली की शहाणपणाचंच दावं होतं. सुनेनं नदी किती चढेल हे कधी सांगितलं नाही. तिला ते कळतही नव्हतं. माणसाला आणि जनावराला निघता येईल का, एवढंच ती बघत राहिली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाऊस लागला. तीन-चार दिवसांतच नदी पात्राबाहेर पडली. मोरीच्या खांबावरची खालची खूण एका सकाळी ओली झाली. टोकाच्या घरातला माणूस सगळ्यांत आधी गोठ्यात गेला. त्याच्याकडं आता एकच गाय होती, शेजाऱ्यांनी वर्गणी काढून घेऊन दिलेली, आणि तिच्या दाव्याला सुरगाठ होती. दुपारच्या आत गल्ली माळावर होती. जोंधळा माळावर, कागदं माळावर, म्हातारी खाटेवर घालून माळावर, आणि काहील गुऱ्हाळातच. त्या खेपेलाही घरांत पाणी शिरलं, आणखी दोन भिंती पडल्या, पुन्हा चिखल काढावा लागला. दावणीला एकही जनावर राहिलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर पलीकडच्या गल्लीतली चार माणसं आली. त्यांच्याकडंही एक उतार होता, ओढा तिथंच आधी भरत होता. त्यांनी गवंड्याची नळी मागितली. गवंडी निघाला, आणि त्याच्यामागं हुरमुंजाची वाटी घेऊन आबा आणि त्याची सूनही निघाली, त्यांची वाट आधी कुठं बुडते ते बघायला.